कॅमेरा घ्यायचा आहे? खेड्यातल्या फोटोग्राफरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात माझा लहानसा स्टुडिओ आहे. धानाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात आले की दुकानात पोरांची ये-जा वाढते. कोणाला लग्नाच्या कामात उतरायचं असतं, कोणाला ताडोबातला वाघ टिपायचा असतो, कोणी शेतीचा यूट्यूब चॅनेल काढलेला असतो. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. चुकीच्या सल्ल्यानं घरचा पैसा कसा जातो हे मी फार जवळून पाहिलं आहे, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतो.

भाऊ, कोणता कॅमेरा चांगला जी?

यावर मी आधी उलट विचारतो: तुमच्याजवळ आत्ता जे आहे, त्यानं कोणता फोटो निघत नाही?

मागच्या हिवाळ्यात वडसा बाजूचा एक मुलगा आला. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारा भाग मोठा असलेला, महागडा कॅमेरा) घ्यायचा म्हणून ठरवूनच आला होता, दीड लाखाची तयारी होती, त्यातले ऐंशी हजार उसने. मी म्हटलं, मोबाइलमधले फोटो दाखव. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे होते. रात्री दोन वाजताचा प्रवेश, नायिकेचा चेहरा दिव्यांनी पांढरा फटक पडलेला, बाकी सगळं काळं, हात हलला तिथे नुसती धूसर रेघ. काही फोटोंत तर आडवे काळे पट्टे. त्याची अडचण उजेडाची होती. जुनी क्रॉप सेन्सर बॉडी (लहान सेन्सरचा, बिनलेन्सचा कॅमेरा) आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स, एवढ्यावर त्याचं काम सुरू झालं. मिमीचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो. उसने घ्यावेच लागले नाहीत.

म्हणून आधी न निघणारा फोटो ठरवा. तो लांबचा आहे, अंधारातला आहे, वेगातला आहे की व्हिडिओ आहे, हे कळलं की दुकानातले निम्मे कॅमेरे आपोआप बाजूला पडतात.

चांगला मोबाइल असताना कॅमेरा लागतोच का?

दिवसाच्या उजेडात, जवळच्या वस्तूसाठी लागत नाही. बचत गटाची लोणची, मोहफुलांचे लाडू, संत्र्याच्या पेट्या यांचे व्हॉट्सॲपवर पाठवायचे फोटो खिडकीजवळ पांढरा कागद अंथरून मोबाइलनं उत्तम येतात. ई-पीक पाहणी तर ॲपमधूनच करावी लागते, कारण फोटोसोबत जागेची नोंद जाते. पिकाच्या नुकसानाचा फोटो लगेच पाठवायचा असेल, तेव्हाही हातातला मोबाइलच उपयोगी.

मोबाइल मागे पडतो तो लांबच्या, अंधारातल्या आणि पळणाऱ्या गोष्टींत. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की फोटो काढेपर्यंत धूळच उरते. तुमचं दुखणं यांतलं नसेल तर पैसे ठेवा, एक साधा ट्रायपॉड आणि मोबाइलचा माइक घ्या.

डीएसएलआर घ्यावा की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. नव्यानं घ्यायचा तर मिररलेस, जुना घ्यायचा तर डीएसएलआर. एवढ्यात बहुतेकांचं उत्तर बसतं.

कारण सांगतो. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट (लेन्स बसवायची कडी) आणले, आरएफ आणि झेड. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे. नवीन लेन्स आता याच माउंटांसाठी येतात. पण त्यामुळेच लोक जुने डीएसएलआर विकायला काढतात, आणि कॅननच्या ईएफ माउंटच्या १९८७ पासूनच्या, निकॉनच्या एफ माउंटच्या १९५९ पासूनच्या लेन्सांचा बाजार भरलेला आहे. कमी पैशात काम सुरू करणाऱ्याला ही चांगली संधी आहे.

मिररलेसचा मोठा फायदा फोकसचा. डोळा ओळखून धरून ठेवतो, नवरी हलली तरी सोडत नाही. व्हिडिओतही तो बराच पुढे आहे. पण खेड्यात राहणाऱ्यानं बॅटरीचा हिशेब आधी करावा. निकॉन डी३५०० ची बॅटरी कंपनीच्या मोजमापानं १५५० फोटो देते, सोनी झेडव्ही-ई१० ची सुमारे ४४०. लाइन गेली, चार्जिंग राहिलं, आणि सकाळी सातला हळद आहे. मिररलेस घेणार असाल तर दोन जास्तीच्या बॅटऱ्या किमतीतच धरा.

निकॉनवाल्यांसाठी एक सूचना. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सा त्यावर आपोआप फोकस करत नाहीत. एएफ-एस लिहिलेली लेन्स घ्या. झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावला तरी एएफ-डीची तीच गत होते. कॅननच्या ईएफ लेन्सा मात्र अडॅप्टर लावून आर मालिकेवर व्यवस्थित चालतात.

मेगापिक्सल किती पाहिजेत?

चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला २ मेगापिक्सल पुरतात. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान उत्तम छापायला सुमारे १९. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत २० ते २४ आहेतच. पुढचा प्रश्न.

फुल फ्रेम घेतला की अंधारातले फोटो चांगले येतील ना?

थोडे चांगले येतील. पण तेवढ्याच पैशात लेन्स घेतली तर खूप चांगले येतील. हा हिशेब मला नेहमी कागदावर करून दाखवावा लागतो, तोच इथे मांडतो.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा, कॅननचा याहून किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सुमारे अडीच पट मोठा. म्हणजे अंधारात फायदा एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त.

आता लेन्स बघा. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते. ५० मिमी एफ १.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळपास १० पट उजेड आत घेते. दहा पट! किट लेन्सवर जिथे आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायची सेटिंग) ६४०० करून दाणेदार फोटो काढत होता, तिथे आयएसओ ६४० वर काम होतं. आणि ही लेन्स नव्या क्रॉप बॉडीच्या पाव किमतीतही बसते.

क्रॉप बॉडीवर ५० मिमी थोडी लांब पडते, आपल्याकडच्या लहान खोल्यांत मागे सरकायला जागा नसते. तिथे ३५ मिमी एफ १.८ जास्त कामाची. मी स्वतः घरातल्या विधींना ३५ वापरतो आणि अंगणात ५०.

फुल फ्रेम कोणी घ्यावा? ज्याचं काम बसलं आहे, लेन्सा झाल्या आहेत, आणि गिऱ्हाईक मोठं मिळतं आहे त्यानं. पहिल्या वर्षी नको.

वीस-पंचवीस हजारांत काही होते का?

होते. वापरलेली क्रॉप डीएसएलआर बॉडी, निकॉन डी५३०० किंवा कॅनन २००डी सारखी, सोबत किट लेन्स, आणि जे उरेल त्यात वापरलेली ३५ किंवा ५० मिमी. बॅग साधी घ्या, पण कार्ड अस्सल घ्या.

पन्नास-साठ हजारांत?

व्हिडिओ मुख्य असेल तर लहान मिररलेस पाहा, त्यावर चांगला माइक. फोटो मुख्य असेल तर वापरलेली जरा वरची बॉडी, ३५ किंवा ५० मिमी लेन्स, फ्लॅश, ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) आणि जास्तीची बॅटरी. माझा नियम असा की बॉडीवर निम्म्यापेक्षा जास्त पैसा जाऊ द्यायचा नाही. बॉडीचा भाव तीन-चार वर्षांत निम्म्यावर येतो, चांगली लेन्स मात्र दहा वर्षं साथ देते.

लग्नाची कामं सुरू करायची आहेत. काय काय लागेल?

लग्नात दुसरी संधी नसते. अक्षता पडल्या त्या पडल्या. म्हणून पहिली गरज एका भारी कॅमेऱ्यापेक्षा दोन चालत्या कॅमेऱ्यांची. दुसरा जुना असला तरी चालेल, भावाचा मागून आणलेला चालेल, पण बॅगेत असला पाहिजे.

आपल्याकडची लग्नं अंगणातल्या मांडवात होतात, आणि मांडवाचं कापड लाल-पिवळं किंवा वर हिरवी शेडनेट असते. मे महिन्याचं ऊन त्यातून गाळून येतं आणि नवरीच्या चेहऱ्यावर तो रंग उतरतो. नवीन पोरं समजतात कॅमेऱ्याचे रंग खराब आहेत, आणि कॅमेरा बदलतात. हा दोष कापडाचा. इलाज असा: मांडवाच्या कडेला, जिथे मोकळ्या आभाळाचा उजेड आत येतो, तिथे जोडप्याला उभं करा. किंवा फ्लॅश छत्रीतून बाजूनं मारा. शहरातल्या सभागृहात फ्लॅश वर पांढऱ्या छतावर मारून खाली आणतात. इथे वर लाल कापड असताना तसं केलं तर चेहरा आणखी लाल होतो.

म्हणून कॅमेऱ्यांची सोय झाली की माझ्या मते लग्नासाठी पहिली खरेदी लेन्स, दुसरी फ्लॅश. गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि पांढरी छत्री, एवढा संच एका साध्या लेन्सच्या आसपास येतो. फ्लॅशला एए सेल लागतात, पण बाजारातले साधे सेल अर्ध्या लग्नात थकतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे आठ सेल घ्या, चार आत आणि चार खिशात.

फ्लॅश घेण्याआधी कॅमेऱ्याचा हॉट-शू, म्हणजे वरची फ्लॅश बसवायची खाच, बघा. कॅननच्या काही स्वस्त बॉड्यांत, उदाहरणार्थ २००डी मार्क टू मध्ये, मधली पिनच नाही. त्यावर साधे मॅन्युअल फ्लॅश पेटत नाहीत, कॅननचीच भाषा समजणारा फ्लॅश किंवा ट्रिगर घ्यावा लागतो. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

आणि हो, संध्याकाळी एलईडी माळा आणि स्टेजचे दिवे लागले की फोटोत काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) सेकंदाच्या १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. नाटकवाल्या मुलाचे पट्टे असेच गेले, त्याला एक पैसाही लागला नाही.

ताडोबात वाघाचा फोटो काढायचा आहे. किती मिमीची लेन्स लागेल?

ताडोबा महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून आपल्याला वाटतं कधीही जाऊ. पण कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली, सफारी मंगळवारी बंद असते, पावसाळ्यात कोअर बंद असतो, आणि कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे कॅमेरा हाच एक आधार.

वाघ रस्त्यावर आला तर २०० मिमीसुद्धा जास्त होते. तो पाणवठ्यापलीकडे बांबूत बसला तर ६०० कमी पडते. मधला मार्ग म्हणजे क्रॉप बॉडीवर ७०-३०० मिमी. लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपतो, म्हणून निकॉनच्या क्रॉपवर ती ४५० मिमीसारखी दिसते, कॅननच्या क्रॉपवर ४८० सारखी. क्रॉप सेन्सरचा इथे उलटा फायदा होतो. कॅननची ५५-२५० मिमी एसटीएम ही तर मला खेड्यातल्या माणसासाठी सगळ्यात पैसा वसूल लेन्स वाटते. हलकी, स्वस्त आणि चित्र स्वच्छ.

सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० मिमी लेन्सा सुमारे दोन किलोच्या आहेत. पक्ष्यांचं वेड असेल, महिन्यातून दोन-तीनदा जंगलात किंवा तलावावर जाणं असेल, तरच घ्या. वर्षातून एक सफारी असेल तर नागपुरात लेन्स भाड्यानं मिळते, ती आणा. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते, घेताना आणि देताना काचेचे फोटो काढून ठेवा.

शटरचा साधा ठोकताळा: जेवढे मिमी दिसतात, सेकंदाचे तेवढे भाग करा, त्यातल्या एका भागाएवढंच शटर ठेवा. ४५० दिसत असेल तर किमान १/५००. जिप्सीचं इंजिन चालू असेल तर त्याचा थरथराट वेगळा, चालकाला विनंती करून बंद करायला सांगा. ट्रायपॉड जिप्सीत चालत नाही. जुन्या पँटच्या पायाचा तुकडा शिवून त्यात चणे किंवा तांदूळ भरा, जिप्सीच्या दांडीवर ठेवा, वर लेन्स टेकवा. माझी बीन बॅग अशीच आईनं शिवून दिलेली आहे.

सारस आणि इतर पक्ष्यांसाठी?

गोंदियाकडचा सारस माणसाएवढा उंच, त्यामुळे ३०० मिमीतही चांगला येतो. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटं करतो. तेव्हा बांधीत उतरू नका, रस्त्यावरून, गाडीतून काढा. घरट्याची जागा फोटोसोबत कुठेही टाकू नका. लहान पक्ष्यांना मात्र ५०० मिमीच्या पुढेच जावं लागतं, आणि तिथून पैशाला तळ राहत नाही.

शेतीचा यूट्यूब चॅनेल आहे. कोणता कॅमेरा घेऊ?

आधी माइक घ्या. शेतात वारा असतो, बाजूला मोटरपंप चालतो, आणि तुम्ही बोंडअळीवर मोलाचं सांगत असता ते ऐकूच येत नाही. कॉलरला लावायचा वायरलेस माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, आणि मोबाइल. सहा महिने असं करा. त्यानंतरही चित्र कमी पडतं असं वाटलं तर फिरणाऱ्या स्क्रीनचा मिररलेस घ्या.

उन्हाची काळजी मात्र घ्या. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश एवढंच तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लहान मिररलेस सलग ४के चालवला तर तापून बंद पडतो. दुपारी काम असेल तर एचडीत घ्या, स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेवा म्हणजे मागून हवा लागते, आणि कोणाला तरी छत्री धरायला लावा. सोनीत तापमानावर आपोआप बंद होण्याची सेटिंग असते, ती 'हाय' वर ठेवता येते.

जुना कॅमेरा घेताना काय तपासू?

इथे घाई करू नका. चहा घ्या, गप्पा मारा, पण अर्धा तास कॅमेरा हातात ठेवा.

लेन्स काढा. मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण असतील, त्याचं काही नाही. पण काचेच्या कडेपासून आत शिरणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या तंतूंची नक्षी दिसली की समजा, बुरशी आहे. ती लेन्स फुकट मिळाली तरी घरी आणू नका, दमट बॅगेत बाजूच्या लेन्सलाही लागते. आतून धुरकट पडदा दिसला तरीही नको.

मग एफ १६ वर आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके सेन्सरवरची धूळ सांगतात, ती साफ होते. ओरखडा असेल तर होत नाही.

स्क्रूंची तोंडं बघा. झिजलेली, चमकणारी असतील तर कॅमेरा उघडलेला आहे. कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का बघा. सगळी बटणं दाबा. फ्लॅश चढवून पेटवा. दहा मिनिटं सलग व्हिडिओ चालवा. प्रत्येक लेन्सनं जवळ आणि लांब फोकस करून बघा.

शटर किती वेळा पडलं तेही बघा. निकॉनमध्ये आकडा फोटोच्या फाइलमध्येच असतो, इंटरनेटवर फाइल टाकून कळतो. साध्या बॉडीचं शटर साधारण १ लाखाच्या हिशेबानं बनवलेलं असतं. एका लग्नात मी अडीच-तीन हजार फोटो काढतो, म्हणजे ३३ ते ४० लग्नं. ६० हजार पडलेला कॅमेरा वाईट नाही, फक्त भाव त्याप्रमाणे करा.

शेवटी बॉडीवरचा सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. बिल नाही, डबा नाही, आणि भाव फारच कमी, असा कॅमेरा चोरीचा असू शकतो. कोणाच्या तरी रोजीरोटीचं साधन गेलेलं असतं ते.

बिनबिलाचा नवीन कॅमेरा स्वस्त मिळतो. घेऊ का?

कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे बिन बिलाचा भाव डोळ्यात भरतो. मी एकदा फसलो आहे. नागपूरच्या एका दुकानातून बाहेरून आलेला माल घेतला. आठव्या महिन्यात शटर अडकलं. कंपनीच्या केंद्रात गेलो तर भारतातली वॉरंटीच नव्हती, आणि दुकानदारानं ओळखही दाखवली नाही. वाचवलेल्या पैशापेक्षा दुरुस्ती महाग पडली. बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

कर्ज काढून घ्यावा का?

छंदासाठी नको. कामासाठी असेल आणि हातात किमान चार-पाच लग्नांची विसारासकट कामं असतील, तर विचार करा. दुकानातल्या हप्त्यांपेक्षा आधी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळतं, किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत. लग्नाचा हंगाम मुख्यतः हिवाळा आणि उन्हाळ्याचा. पावसाळ्यात घरात एक रुपया येत नाही, हप्ता मात्र येतो. आषाढातले हप्ते कुठून भरणार हे सही करण्याआधी घरच्यांसमोर बसून ठरवा.

गावात पासपोर्ट फोटोचा लहान स्टुडिओ टाकायचा आहे.

फार कमी पैशात होतो, आणि बायका-मुलींना तालुक्याला जाण्याचा त्रास वाचतो. फॉर्मचा ३.५ बाय ४.५ सेंमीचा फोटो पाव मेगापिक्सलचासुद्धा नसतो, त्यामुळे दहा वर्षं जुनी बॉडी आणि किट लेन्स भरपूर झाली. पैसा घाला तो दोन सारख्या दिव्यांत, पांढऱ्या पडद्यात, सहा रंगांच्या फोटो प्रिंटरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये. सावळ्या चेहऱ्याला संगणकावर गोरं करू नका. दिवे बरोबर लावले की माणूस आहे तसा सुंदर दिसतो.

ड्रोन घ्यावा का?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. तयार परदेशी ड्रोन आणण्यावर २०२२ पासून बंदी आहे, म्हणून चोरवाटेचा माल बराच फिरतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय उडवणं हा गुन्हा आहे. लग्नात मागणी आली तर प्रमाणपत्रवाल्याला भाड्यानं बोलवा.

मेमरी कार्ड कोणतं?

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कार्डाची आहे. बाजारातल्या एका टपरीवरून ६४ जीबीचं कार्ड निम्म्या भावात घेतलं. वरून अगदी अस्सल. आत जागा बरीच कमी होती, आणि ती भरल्यावर कार्ड नवे फोटो घेतल्यासारखं दाखवून काहीच ठेवत नव्हतं. एका मुलीच्या हळदीचे सगळे फोटो गेले. त्या फोटोंत तिची आजी होती, आणि पुढच्या वर्षी आजी राहिली नाही. मी पैसे परत केले, पण त्यानं काय होतं?

तेव्हापासून कार्ड बिलावर घेतो, आणि नवीन कार्ड संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामनं काठोकाठ भरून तपासतो. एका मोठ्या कार्डापेक्षा चार लहान कार्डं बरी. व्हिडिओसाठी व्ही३० लिहिलेलं घ्या, ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं. दोन कार्डांची जागा असलेली बॉडी परवडत असेल तर लग्नाच्या कामाला तीच घ्या.

धूळ आणि पावसाळ्यात सांभाळू कसा?

बुरशीला दमटपणा लागतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि आपल्या श्रावणात ती सहज राहते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, स्वयंपाकाची घेऊ नका. चामड्याच्या किंवा कापडाच्या बॅगेत कॅमेरा महिनोन्‌महिने बंद ठेवणं सगळ्यात वाईट.

मळणीच्या दिवसांत आणि पटात लेन्स बदलू नका. काच शर्टाच्या टोकानं पुसू नका, आधी फुग्यानं हवा मारा.

ट्रायपॉड कसला?

हलणार नाही असा. स्वस्त, हलका, लांबट पायांचा घेतला तर वाऱ्यात थरथरतो. मधला दांडा खाली ठेवून त्याला पाण्याची बाटली टांगा.

मुलगी बारावीला आहे, कॅमेरा मागते. घेऊन द्यावा का?

द्या. वापरलेली साधी बॉडी आणि एक ५० मिमी. झूम नसल्यानं ती पायांनी पुढे-मागे होईल आणि चौकट लवकर शिकेल. मुलीला कॅमेरा हातात आला की घरातल्या बायका तिच्यापुढे मोकळ्या बसतात, हे मी माझ्या पुतणीच्या कामात पाहिलं आहे. लग्नात नवरीच्या खोलीतले फोटो काढायला मुलींना आत्ताच मागणी आहे.

नवीन कॅमेरा आणला. पहिल्या दिवशी काय करू?

तारीख आणि वेळ लावा, दोन कॅमेरे असतील तर दोन्हीत तंतोतंत एकच, नाहीतर अल्बम लावताना हळद लग्नानंतर येते. फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग-उजेड नंतर सुधारायला सोपी) आणि जेपेग दोन्हीवर ठेवा. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला चुलीजवळ बसलेल्या आईचे पन्नास फोटो काढा, अंधारात फोकस कुठे अडतो ते लगेच कळेल. काही बिघाड वाटला तर बदलून मिळायची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून हे सगळं पहिल्याच आठवड्यात करा. पण त्याच्याही आधी बिलाचा फोटो काढा. यंत्रातून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात.